मामा दुसऱ्या तळघरात मेला त्याची गोष्ट

सर्व आप्तेष्ट, स्नेही आणि हितचिंतकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे मामा एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, मुलुंड पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, पण जमिनीखाली दोन तळघरं खोल, एका सांगाड्याशी शौर्यानं लढताना निधन पावले. त्यांच्या पश्चात एक बहीण, एक मेहुणे, एक भाची आणि पाठीवरच्या पिशवीत एक कोरी करकरीत तलवार असा परिवार आहे.

दुखवट्याला कुणी येऊ नये. ही घटना घडली तेव्हा मामा स्वतः कांजूरमार्गच्या आपल्या खोलीत पंखा पाचवर लावून झोपला होता आणि आपण मेलो आहोत हे त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी, माशाच्या आमटीचा पहिला घास घेताना कळलं. आणि यापुढे 'ते' आणि 'त्यांना' बंद. मामाला मी जन्मात कधी अहोजाहो केलं नाही. निधनवार्तेपुरता मान दिला, तेवढा पुरे.

सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या काळात आमच्या मुलुंडमध्ये कम्प्युटर दोनच ठिकाणी भेटायचा. एक स्टेशनाबाहेर, जिथे जन्मवेळ सांगितली की तो छापील पत्रिका काढून द्यायचा, आणि दुसरा फरसाणाच्या दुकानावरच्या आमच्या कम्प्युटर क्लासमध्ये. त्यामुळे आमच्या घरात कम्प्युटर म्हणजे पंचांगाहून वरचढ आणि डॉक्टरच्या बरोबरीचा अशी एक वस्तू होती. तो चुकत नाही, खोटं बोलत नाही आणि त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, एवढी माहिती आईनं कुठून तरी मिळवली होती. त्यातली तिसरी तर शंभर टक्के खरी होती.

क्लासच्या दाराबाहेर चपलांची रांग असे. आत गालिचा, एक एसी आणि चार मशीन. मशीनना धूळ चालत नाही, ओले केस चालत नाहीत, खाणं चालत नाही आणि मोठ्यानं हसणंही चालत नाही, असं सर म्हणायचे. शेवटचा नियम मशीनचा नसून सरांचा आहे हे मला फार उशिरा कळलं. सर तिशीचे, बारीक, चष्मेवाले आणि इतके गंभीर, की 'चहा घ्या' हेही ते प्रोग्राम समजावल्यासारखं सांगत. पण त्यांच्या टेबलाच्या खणात निळ्या बॉलपेननं 'गेम – २' असं लिहिलेल्या दोन फ्लॉपी होत्या, आणि आठवड्याचा अभ्यास ज्यानं पुरा केला असेल त्याला शनिवारी शेवटचा तास त्या मिळत. कारण विचारलं तर सर म्हणत, "टायपिंग सुधारतं."

माझ्या आधी ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी एकेका शनिवारात नाद सोडला होता. कारण हा काही टिंब खाणारा नाहीतर विमानं पाडणारा गेम नव्हता. तो सुरू झाला की प्रश्न विचारायचा. तुमच्या टोळीत कोण कोण? त्यातला लढवय्या कोण, पुजारी कोण, जादूगार कोण, चोर कोण? कुणाला किती बळ, किती अक्कल, किती तब्येत? त्यासाठी तो थोडेसे गुण द्यायचा आणि म्हणायचा, वाटा. ते वाटून झाले की एक गाव. गावात हत्यारांचं दुकान, देऊळ, धर्मशाळा. आणि गावाच्या खाली पाच तळघरं. शेवटच्या तळघरात कुणा राजाचा मुकुट. तो आणायचा. कसा, ते तुमचं तुम्ही बघा. सोबत चार झेरॉक्स पानं, तीही इतकी फिकी की अक्षरं वाचण्यापेक्षा आठवावी लागत.

मला तर स्वर्ग मिळाला. गुण वाटण्यातच पहिला शनिवार गेला. दुसऱ्या शनिवारी नावांशी अडले. टोळीत पाच जण हवे होते आणि पाचही घरचेच घ्यायचे हे मी ठरवून आले होते. पण आमच्याकडे मोठ्यांची नावं घ्यायची पद्धत नाही. आई बाबांचं नाव घेत नसे, मी आईचं घेत नसे, आणि आजीचं खरं नाव काय हे तर मला रेशनकार्डावरून कळलं होतं. मग कम्प्युटरसमोर बसून बापाचं नाव कसं टाइप करू? बोट उचलेना. तेव्हा मी सरळ नात्यांची नावं घातली. मामा, लढवय्या. बाबा, दुसरा लढवय्या, कारण मामापुढे त्यांचं कधी चाललं नाही. आई पुजारी, जखमा बऱ्या करणारी. आजी जादूगार, ती गावाला मालवणकडे असायची, तिला विचारायचा प्रश्न नव्हता. आणि आत्या चोर. का ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. मी स्वतः टोळीत नव्हतेच. मी बाहेर खुर्चीत बसून पाचही जणांना हुकूम सोडणार होते. एकोणिसाव्या वर्षी याहून मोठं सुख कुठलं असतं, सांगा.

त्यानंतरचे तीन शनिवार माझ्या अज्ञानाचे. गावातलं सगळं सोनं खर्चून मी मामाला तलवार घेतली, बाबांना कुऱ्हाड, आईला ढाल. आणि तरी पहिल्या तळघरातले उंदीरसुद्धा त्यांना फोडून काढत. मामा उंदराला मारायला जाई आणि मशीन सांगे, मामानं एक इजा केली. एक! उंदीर मामाला तीन करी. आजी मंत्र म्हणून सगळ्या उंदरांना झोपवी, म्हणून कसेबसे निभावत होतो. मला वाटे, गेमच अवघड आहे. त्यात या गेममध्ये कुठेही थांबून जतन करता येत नसे. परत गावात यायचं, धर्मशाळेत शिरायचं आणि तिथे 'सेव्ह' म्हणायचं, तेव्हाच ते फ्लॉपीवर उतरे. एकदा सहाला तास संपायच्या आत, धर्मशाळेपासून दहा पावलांवर असताना, खालच्या फरसाणवाल्यानं बेसनाची चक्की चालू केली. दिवे मिचमिचले, पडदा काळा झाला आणि माझा अख्खा तास पाण्यात गेला. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सेव्ह केलं नसेल तर ते झालंच नाही, असं समजायचं." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

म्हणूनच त्या काळ्या शनिवारी मी शहाणपणा केला. दुसऱ्या तळघरात मामा सांगाड्याच्या हातून पडला, तशी मी उरलेल्या चौघांना घेऊन, मामाला खांद्यावर टाकून, धावत गावात आले आणि धर्मशाळेत शिरून सेव्ह करून टाकलं. हुशारी अशी, की आता मामाचं मरणही फ्लॉपीवर पक्कं झालं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. टोळीची यादी छापता येते असा मला त्याच दिवशी शोध लागला होता. सरांनी परवानगी दिली. प्रिंटर किंचाळला आणि दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब कागद बाहेर आला. त्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत माझं सगळं खानदान. मी तो न दुमडता, गुंडाळी करून, देवाचा फोटो न्यावा तसा घरी नेला.

आता मामा. आईचा थोरला भाऊ, बिनलग्नाचा, कांजूरच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. पण गेली दोन वर्षं तो दोन घास कमी जेवायचा आणि मधेच पोटाशी मूठ धरून गप्प बसायचा. अल्सर. औषधानं भागणार नाही, कापायला हवं, असं डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं होतं. मामानं आधी गणपती पुढे केले, मग दिवाळी, मग कारखान्यातली वार्षिक मोजणी. शेवटी आईनं रडून, रागावून, एकदा तर जेवण सोडून त्याला कबूल करवलं होतं. घाटकोपरच्या हॉस्पिटलात जागा ठरली होती. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी भरती व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता लांबवलं तर आत फुटेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. हे मामाला माहीत नव्हतं. मला होतं.

आणि असल्या रविवारी मी जेवायच्या पाटासमोर तो कागद उलगडला.

"बघ, मामा! तू आहेस यात. सगळे आहेत. कम्प्युटरनं छापलंय."

मामानं घास तोंडात घातला, चष्मा वर केला, स्टोअरकीपरच्या सवयीनं बोट पहिल्या ओळीवर ठेवून आडवं सरकवत नेलं. मामा. लढवय्या. बळ अठरा. त्यावर तो खूश झालेला दिसला. मग बोट आणखी सरकलं आणि थांबलं. तिथे इंग्रजीत चार अक्षरं होती.

"काय गो ह्या?" मामा म्हणाला. "मी मेलंय?"

आईच्या हातातला डाव आमटीत पडला.

"अरे, गेममध्ये!" मी म्हणाले. "सांगाड्यानं मारलं. तो खेळ आहे."

"कम्प्युटरनं लिवलाहा."

"मी लिवलं… म्हणजे, तू तळघरात गेलास…"

"मी तळघरात जातंय कशाक? तुझो बापूस जिवंत, आयेस जिवंत, आजी जिवंत. तुझी आत्यासुद्धा जिवंत! मेलंय तो मीच एकटो?" मामानं ताट सरकवलं. आवाज एकदम उतरला. "मी नाय जावचंय हॉस्पिटलात. सांगून ठेवतंय."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की सांगाडा परवडला असता. मामा गेल्यावर तर तिनं तोंड सोडलंच. "तुला घरातली माणसंच सापडली मारायला? तुझ्या त्या गेममध्ये शत्रू नाहीत? सख्खा मामा तुझा! वर्षभर मी त्याला कशी वळवली ते माझं मला ठाऊक, आणि तू एका कागदानं…" मी मान खाली घालून ऐकत होते, कारण एक शब्दही चुकीचा नव्हता. मामाचं असं की एकदा नाही म्हटलं की त्याच्या साहेबालाही तो हलत नसे. सोमवारी, मंगळवारी आई कांजूरला जाऊन आली. मामा म्हणाला, ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू. बुधवारी ती माझ्यासमोर उभी राहिली.

"त्याला जिवंत करता येतो का?"

"येतो. देवळात नेऊन. पण सोनं लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. आणि दर वेळी उठतोच असं नाही, असं झेरॉक्समध्ये लिहिलंय."

"नाही उठला तर?"

"मग कायमचा."

आईनं पदर खोचला. "शनिवारी आम्ही दोघं येतो. जे काय करायचं ते त्याच्या डोळ्यांसमोर कर."

तर शनिवारी आमच्या क्लासच्या दाराशी चपलांच्या रांगेत मामाचे अकरा नंबरचे बूट आणि आईच्या चपला येऊन बसल्या. आत शिरताना मामानं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. सरांनी ते पाहिलं. बाहेरच्या माणसांना आत घ्यायचा नियम नव्हता, आणि मी आदल्या दिवशी त्यांना सगळं सांगून ठेवलेलं. ते हसले नाहीत. गंभीरपणे मामाला खुर्ची दिली, आईला दिली, आणि डॉक्टर बोलतात तसे म्हणाले, "पेशंटची फाईल शाबूत आहे. मी तपासली."

मग ते मामाकडे वळले. "खरं तर एवढं करायची गरज नाही. मला ती फाईल उघडता येते. तुमच्या नावासमोरचा एक आकडा बदलला की तुम्ही जिवंत. एका मिनिटाचं काम."

माझा जीव भांड्यात पडला. आईचाही. मी म्हणाले, "सर, करा ना!"

"नको," मामा म्हणाला.

"अरे, असं काय करतोस?" आई म्हणाली.

"सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय मी. मालाची खोटी नोंद केली नाही. आता माझीच करू?" मामानं खुर्ची पुढे ओढली. "मेलो असेन तर मेलो. उठवायचा तर रीतसर उठवा. आधी मला सांग, मेलो कसा?"

मी यादी त्याच्या पुढ्यात ठेवली. रविवारी त्याचं बोट चार अक्षरांवर अडलं होतं ते आता पुढे सरकलं, वस्तूंच्या रकान्यात. तलवार. ढाल. कुऱ्हाड. प्रत्येक वस्तूच्या आधी एक छोटी रिकामी चौकट. मामानं वरपासून खालपर्यंत पाहिलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्या चौकटी कसल्या?"

"माहीत नाही. डिझाईन असेल."

"डिझाईन?" मामानं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "स्टोअरमध्ये माल आला, कपाटात पडला, म्हणजे तो कारागिराच्या हातात गेला असं होतं काय? इश्यू करावा लागतो. इश्यू केला की चौकटीत खूण. इथं बाबाच्या समोर खूण नाही, आईच्या समोर नाही, कुणाच्याच समोर नाही. तुझा सगळा माल पडून आहे. तुझी पानं दाखव बघू." त्यानं झेरॉक्स हातात घेतली आणि सेकंदात म्हणाला, "तीन नंबरचं पान कुठंय? एक, दोन, चार, पाच."

पाच आठवडे मी ती पानं वाचत होते. चारच आहेत हे मला ठाऊक होतं. मधलं एक नाही, हे कधी दिसलंच नव्हतं. सर पुढे वाकले. मेन्यूच्या तळाशी एक अक्षर होतं जे मी कधीच दाबलं नव्हतं. सरांनी ते दाबलं. मशीननं विचारलं: हातात काय घ्यायचं? अंगावर काय घालायचं?

मामा पडद्याकडे वाकला.

"म्हणजे मी मेलंय तेव्हा तलवार माझ्या पिशवेत होती?"

मी मान हलवली.

"मी सांगाड्याबरोबर हातांनी लढलंय?"

"आणि उंदरांबरोबर पण," मी म्हणाले. कबुली द्यायचीच तर पूर्ण द्यावी.

मामाच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, मग काहीतरी निराळंच. तो छाती पुढे काढून आईकडे वळला. "ऐकलंस? हातांनी! दुसऱ्या तळघरापर्यंत!"

त्यानंतरचा पाऊण तास माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर पाऊण तासांपैकी एक आहे. मामानं सगळा माल इश्यू करून घेतला. बाबांच्या हातात कुऱ्हाड, आईच्या हातात ढाल, आत्याला सुरी ("बघून दे गो तिका," मामा म्हणाला). मग मामाला धर्मशाळेत ठेवून चौघं पहिल्या तळघरात उतरली आणि जिथे उंदीर आम्हाला फोडून काढत तिथे बाबांनी पहिल्याच फटक्यात दोन लोळवले आणि त्यांच्यामागचं सोनं आमच्या पिशवीत आलं. "मेहुण्यात एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं," मामा म्हणाला. मी जोर चढून जिना उतरायला निघाले तर त्यानं हात धरला. "खाली कशाला? गरज किती आहे तेवढीच काढ. जिन्याच्या जवळ राहा. कुणाला लागलं की वर." आई सुरुवातीला पदर तोंडाला लावून बसली होती. पण स्वतः पुजारी आहे असं कळल्यावर तिनं विचारलं, "तिकडे बायका पुजारी असतात?" असतात म्हटल्यावर ती ताठ बसली, आणि दर लढाईनंतर सांगू लागली, "तुझ्या बाबांना लागलंय. मला बरं करू दे."

सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा. तीनदा वर आलो, चौथ्यांदा सोनं पुरलं. मामाला धर्मशाळेतून उचललं आणि देवळात नेलं. पडद्यावर प्रश्न आला: प्रयत्न करायचा का? हो किंवा नाही.

माझं बोट कीबोर्डावर होतं. मामानं ते अलगद बाजूला केलं. पण स्वतःचं बोटही त्यानं ठेवलं नाही. तो त्या प्रश्नाकडे बघत राहिला. मग पडद्याकडेच बघत, आईला नाही, मला नाही, असा हळू म्हणाला, "आणि समजा, नाही उठलो तर?"

तेव्हा मला कळलं. मूर्खासारखी आठवडाभर मी समजत होते की मामा कम्प्युटरला घाबरला. सत्तावीस वर्षं पंपांचे सुटे भाग मोजणारा माणूस कागदाला काय घाबरतो? तो ऑपरेशनच्या टेबलाला घाबरला होता, त्यावरच्या दिव्यांना, गुंगीच्या औषधाला. गणपती, दिवाळी, मोजणी, सगळ्याच्या मागे तेच होतं. फक्त ते म्हणायला त्याला आजवर जागा मिळाली नव्हती. मिळाली ती इथे, फरसाणाच्या दुकानावर, अनवाणी.

आईलाही कळलं असावं. तिनं भाषण केलं नाही. इतकंच म्हणाली, "आम्ही सगळी देवळात उभी आहोत ना रे. मी पुजारी आहे."

मामानं 'हो' दाबलं.

मशीन विचार करत राहिलं. फ्लॉपी कुरकुरली. आणि मग ओळ उमटली. मामा उठला होता. जीव, एक.

मी टाळी वाजवली, आईनं हात जोडले, सरांनी आयुष्यात पहिल्यांदा, निदान आमच्या देखत, दात दाखवले. आणि नेमकं त्याच क्षणी खालून घरघर आली. फरसाणवाल्यानं चक्की चालू केली होती. दिवे मिचमिचले.

"सेव्ह!" सर ओरडले. मोठ्यानं. गालिच्यावर.

देवळापासून धर्मशाळा अकरा पावलं. मी ती किती वेळा चालले होते, पण एका जिवाच्या मामाला घेऊन कधी नाही. "चल गो, चल," मामा माझ्या कानाशी, "डावीकडे, डावीकडे!" पडदा एकदा आकसला, पुन्हा पसरला. दार. धर्मशाळा. मी सेव्ह म्हटलं, फ्लॉपीचा लाल दिवा लागला, आणि तो विझेपर्यंत खोलीतल्या चौघांपैकी कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

मग मामा म्हणाला, "आता छाप."

पुढे मी याच यंत्रांवर पोट भरलं, अजून भरते आहे. मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या खोल्यांत मला पुष्कळ काही शिकवलं. पण वस्तू असणं आणि ती हाती असणं यातला फरक मला मामानं शिकवला. कागदांत काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते आधी बघावं, हेही त्यानंच. सरांचे उपकार तर मी कुठल्या रकान्यात मांडू? एका मिनिटात फाईल बदलणं त्यांच्या हातात होतं, तरी मामानं नको म्हणताच ते तासभर पाठीमागे उभे राहिले, आणि फी मात्र तेवढीच घेतली. तो मुकुट आम्ही पुढच्या वर्षी आणला, पाचही जण जिवंत. शनिवारी मामा सोबत यायचा, नकाशा चौकटीच्या वहीत काढायचा, आणि त्याच्या परवानगीशिवाय मला एकही दार उघडता येत नसे.

पण ते नंतर. त्या सोमवारी मामा भरती झाला. त्यानं नवा कागद, ज्यात त्याच्या नावासमोर आता तब्येत ठीक असं लिहिलेलं होतं, नीट घडी करून एक्सरेच्या पाकिटात घातला. मंगळवारी सकाळी नर्सनं पाकिटातून सगळं काढून बघितलं, तो कागद उलटसुलट केला, आणि हा कुठल्या लॅबचा रिपोर्ट असं विचारलं. मामा म्हणाला, "मुलुंडचा. असू द्या." तिनं असू दिला. स्ट्रेचर निघालं तेव्हा आई बरोबर चालत होती. मामानं तिला एवढंच विचारलं, "ढाल घेतलीस?" आईनं पर्स वर करून दाखवली.

तीन तास लागले. डॉक्टर बाहेर येऊन सगळं व्यवस्थित झालं म्हणाले तरी आई खुर्चीतून उठेना, मामा स्वतः बोलल्याशिवाय तिला ते पटणार नव्हतं. संध्याकाळी चारला आम्हाला आत सोडलं. मामा नळ्यांमध्ये पडलेला, आडदांड देह एकदम लहान दिसत होता. डॉक्टर वाकून त्याच्या गालावर थोपटत होते. "मामा, डोळे उघडा बघू. ऐकू येतंय? कसं वाटतंय?"

मामाच्या पापण्या हलल्या. एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यानं छताकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर मला शोधत येऊन माझ्यावर थांबली. ओठ सुकलेले, आवाज फाटलेला, पण वॉर्डातल्या आठही खाटांना ऐकू जाईल एवढा मोठा:

"सेव्ह केलंस मां गो?"